हार मैदानावरची, शिव्या फोनवरच्या

हौशी खेळाडूंना सोशल मीडियावर होणाऱ्या शिवीगाळीबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळच्या सदरात घेतले आहेत. पत्रं जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आली. खेळाडूंची ओळख उघड होऊ नये म्हणून नावं, गावं आणि संघ गाळून फक्त तालुका ठेवला आहे.

माझा धाकटा भाऊ २० वर्षांचा आहे, कबड्डीत चढाई करतो. फायनलमध्ये शेवटची चढाई 'करो या मरो'ची होती. तो पकडला गेला आणि संघ एका गुणाने हरला. रात्रीतून कोणीतरी त्या पकडीची रील टाकली. सकाळपर्यंत खाली शिव्याच शिव्या, इन्स्टाग्रामवर आईवरून घाण मेसेज. तो रात्रभर एकेकाला उत्तरं देत बसला होता. शिव्या देणारे काही जण आमच्याच गावचे आहेत. आधी काय करायचं?
— मोठा भाऊ, अमळनेर तालुका

आधी फोन त्याच्या हातातून घ्या. ओढून नाही, "दोन दिवस मी बघतो, तू फक्त झोप आणि जेव" असं सांगून. त्याचं खातं तुमच्या फोनवर उघडा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि त्याच्या फोनमधून ॲप काढून टाका. काम झालं की पासवर्ड बदलून खातं त्याला परत द्या. उत्तरं देण्यात दोन तोटे आहेत. प्रत्येक उत्तर म्हणजे त्या रीलवर आणखी एक कॉमेंट, आणि जिथे कॉमेंट वाढतात ती रील ॲप आणखी लोकांपुढे नेतं. शिवाय रागाच्या भरात त्याने उलट एक शिवी दिली, तर पोलीस ठाण्यात समोरचा तेवढाच स्क्रीनशॉट पुढे करतो.

दुसरं काम पुराव्याचं. बहुतेक घरांत इथेच चूक होते. संतापून सगळं डिलीट करतात, ब्लॉक करतात आणि चार दिवसांनी पोलिसांनी विचारलं की दाखवायला काही उरत नाही. इन्स्टाग्रामवर एखाद्याला ब्लॉक केलं की तुमच्या पोस्टखालच्या त्याच्या कॉमेंटही जातात. म्हणून पुरावा आधी, ब्लॉक नंतर.

नुसत्या शिवीचा स्क्रीनशॉट पुरत नाही. कॉमेंटसोबत ती कोणत्या पोस्टखाली आहे हेही दिसायला हवं. इन्स्टाग्राम तारीख न दाखवता '५ तास', '२ दिवस' असं दाखवतं, म्हणून फोनवरची वेळ आणि तारीख दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. रील उघडा, कॉमेंटपर्यंत जा, त्या माणसाच्या नावावर टॅप करून प्रोफाइल उघडा, तिथे वरच्या तीन टिंबांतून 'अबाउट धिस अकाउंट' पाहा. खातं कधी उघडलं ते तिथे कळतं. तिथूनच प्रोफाइलची लिंक कॉपी करा. दिसणारं नाव कोणीही क्षणात बदलतो, त्यामुळे युजरनेम आणि लिंक दोन्ही लागतात. स्टोरी २४ तासांत जाते, तिचं रेकॉर्डिंग सगळ्यात आधी.

चित्र कापू नका, त्यावर लाल गोल काढू नका. मूळ फाइल तशीच ठेवून स्वतःला ईमेल करा. व्हॉट्सॲपवरून कोणाला पाठवायची झाली तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाते आणि तिच्यातली मूळ माहिती निघून जाते. एका वहीत तारीख, वेळ, खातं, लिंक, शब्द आणि स्क्रीनशॉटचा क्रमांक लिहीत चला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा पहिला भाग ज्याच्या फोनवर पुरावा आहे त्याला भरावा लागतो. म्हणून ज्या फोनवर रेकॉर्डिंग केलं तो फॉरमॅट करू नका, विकू नका.

आता गावचे लोक. अनोळखी माणसाला सरळ ब्लॉक करा आणि 'त्याने उघडलेली नवी खातीही' हा पर्याय निवडा. पण गावच्या माणसाला ब्लॉक केलं की संध्याकाळी पारावर तोच विषय होतो आणि भांडण दारात येतं. त्यांच्यासाठी 'रिस्ट्रिक्ट' वापरा. त्याची कॉमेंट त्याची त्यालाच दिसते, इतरांना नाही. मेसेज रिक्वेस्टमध्ये पडतो, वाचला की नाही ते त्याला कळत नाही. ॲप त्याला तसं कळवतही नाही. ओळखीच्यांपैकी ज्याचं बोलणं धमकीपर्यंत गेलेलं नाही, त्याच्या घरी वडीलधाऱ्याला घेऊन एकदा जाणं बहुतेक वेळा तक्रारीपेक्षा लवकर लागू पडतं. जाताना स्क्रीनशॉट छापून न्या. पोरगा काय लिहितो हे घरच्यांना खरंच माहीत नसतं.

ठरावीक शब्दांच्या कॉमेंट आणि मेसेज लपवणाऱ्या इन्स्टाग्रामच्या 'हिडन वर्ड्स' सेटिंगमध्ये स्वतःची यादी घाला, कारण ॲपची तयार चाळणी अहिराणी शिव्या ओळखेल याचा भरवसा नाही. प्रत्येक शब्द देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही घाला. अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, 'खेळ' चं 'खेय' होतं, म्हणून दोन्ही रूपं हवीत. मध्ये टिंब किंवा तारा टाकून लिहिलेली रूपंही घाला. चाळीस-पन्नास शब्दांची यादी घरी बसून तासाभरात होते. फार छोटे किंवा साधे शब्द टाळा. 'हरला' हा शब्द अडवलात तर "हरला तरी भारी खेळला भाऊ" हेही अडेल, आणि आत्ता त्याला तेच वाचायची गरज आहे.

रील दुसऱ्याने टाकली असेल तर तिची तक्रार भावाच्याच खात्यावरून करा. काही प्रकारच्या छळात ज्याच्यावर बोल आले त्यानेच तक्रार केली तरच मेटा, म्हणजे इन्स्टाग्रामची मालक कंपनी, ती धरते. शंभर मित्रांनी रिपोर्ट केल्याने फरक पडत नाही, योग्य प्रकार निवडल्याने पडतो. 'आवडलं नाही' न निवडता 'बुलिंग किंवा छळ' निवडा. तक्रार फेटाळली तर फेरतपासणी मागा, नंतर कंपनीच्या भारतातील तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथेही समाधान झालं नाही तर उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या ग्रिव्हन्स अपिलेट कमिटीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

आणि भावावर लक्ष ठेवा. झोप उडणं, सरावाला न जाणं, माणसांत येणं टाळणं हे आठवडाभर चाललं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं काही बरंवाईट करण्याचं एक वाक्य जरी बोलला, तरी त्याला क्षणभर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या.

टीका तर होणारच ना? मग शिवी कुठे सुरू होते?
— एक प्रेक्षक, धुळे

वाक्यातून खेळ काढून बघा, काय उरतं? "बोनसची घाई केली, म्हणून कोपऱ्याला पाय दिला" यातून खेळ काढला तर काहीच उरत नाही. ती टीका, कितीही कडक असली तरी. आई, बहीण, जात, रंग, शरीर, किंवा "दिसलास तर बघ" असं काही उरलं, तर त्याचा खेळाशी संबंध नव्हताच. हौशी खेळाडूच्या बाबतीत आमचं मत आणखी एक पाऊल पुढचं आहे. त्याला मानधन नाही, मॅनेजर नाही, वकील नाही. सकाळी तो कापसाच्या शेतात किंवा कॉलेजात असतो. टीकाही त्याला टॅग करून, त्याच्या इनबॉक्समध्ये नेऊन टाकायचं कारण नाही.

मी शाळेत खो-खो शिकवतो. आमची १५ वर्षांची आदिवासी खेळाडू पोलवर चुकली, सामना गेला. एका पेजवर तिच्या जातीवरून लिहिलं आणि तिचा चेहरा दुसऱ्या घाणेरड्या फोटोला लावून टाकला. पालक म्हणतात खेळ बंद. आम्ही 'न्याय द्या' म्हणून तिचा फोटो टाकून पोस्ट करणार आहोत.
— क्रीडाशिक्षक, तळोदा तालुका

ती पोस्ट टाकू नका. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा, घर, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं गुन्हा आहे, हेतू चांगला असला तरी. तो बनावट फोटोही कोणालाच पुढे पाठवू नका, शिक्षकांच्या ग्रुपवर 'बघा काय केलंय' म्हणूनसुद्धा नाही. लहान मुलाचं असं चित्र पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली येतं. लिंक, खातं, तारीख आणि वेळ कागदावर लिहा. चित्र पोलिसांना ज्या ठिकाणी आहे तिथेच उघडून दाखवा.

फोटो खाली आणण्यासाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा १८ वर्षांखालील मुलांसाठी आहे. तिच्यात फोटो कुठेही अपलोड होत नाही. फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून काढतात. १८ पूर्ण झालेल्यांसाठी अशीच 'स्टॉप एनसीआयआय' सेवा आहे.

तक्रार करायची की नाही, हा प्रश्न तुमच्यापुढे उरलेलाच नाही. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शिक्षकालाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांचा वेगळा विभाग आहे. तिथे निनावी तक्रार करता येते, पण तिचा पुढे माग काढता येत नाही, म्हणून नाव देऊन करा आणि पावती क्रमांक जपून ठेवा. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन केला तरी मदत मिळते. पालकांना हे नक्की सांगा: मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेशात नाही. रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही. ही भीती गेली की बहुतेक आईबाप तयार होतात.

जातीचा भाग वेगळा लिहून द्या. सार्वजनिक नजरेपुढे जातीवरून अपमान केल्यास अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ३ (१) मधील (र) आणि (स) लागू होतं. ते लिहिणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसला पाहिजे. एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. सोबत जातीच्या दाखल्याची प्रत आणि नेमके शब्द जसेच्या तसे द्या. लाजेने टिंबं टिंबं केली तर कलम लावायला आधार राहत नाही.

खेळ बंद करण्याबद्दल पालकांना एक गोष्ट सांगा. वंदना कटारिया हिने ३१ जुलै २०२१ ला टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक केली. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. त्यानंतर चारच दिवसांनी भारत उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर जातीवरून शिवीगाळ झाल्याची तक्रार कुटुंबाने पोलिसांत दिली. वंदना खेळत राहिली. तुमची मुलगीही खेळेल की नाही हे तिला विचारून ठरवा, तिच्याबद्दल ठरवून तिला सांगू नका.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुट्टीत आम्ही टेनिस बॉल क्रिकेटच्या रात्रीच्या स्पर्धा घेतो. यूट्यूबवर लाइव्ह असतं. सुरत-पुण्याहून आपली मंडळी बघतात. पण लाइव्ह चॅटमध्ये खेळाडूंना इतक्या शिव्या येतात की मागच्या वेळी मैदानातच हाणामारी झाली. चॅट बंद करावी का?
— आयोजन समिती, एरंडोल तालुका

लाइव्ह दाखवायला दोन माणसं आहेत आणि चॅट सांभाळायला एकही नसेल, तर हो, बंद करा. माणसं देत असाल तर सुरू ठेवता येईल. सामन्यामागे दोन मॉडरेटर लावा, आळीपाळीने. दोघे वेगवेगळ्या गावचे असावेत, म्हणजे पक्षपाताचा आरोप होत नाही. एकाला तरी अहिराणी पक्की यायला हवी. स्लो मोड चालू करून प्रत्येकाला ३० सेकंदांत एकच मेसेज टाकता येईल असं करा. चॅट फक्त सबस्क्राइबरसाठी ठेवा आणि सबस्क्राइब करून किमान एक दिवस झालेला असावा अशी अट टाका. रागाने नवं खातं काढून येणारे तिथेच अडतात. यूट्यूब स्टुडिओच्या कम्युनिटी सेटिंगमध्ये 'ब्लॉक्ड वर्ड्स' आहेत, तिथे आधी सांगितलेलीच यादी चालते. संशयास्पद मेसेज तपासणीसाठी रोखून धरण्याचा पर्यायही चालू करा.

पण आग चॅटमध्ये लागत नाही, ती कॉमेंट्रीच्या माइकवर लागते. "काय रे, हातात लोणी लावून आला का!" हे मैदानात हसण्यावारी जातं. तेच वाक्य झेल सुटल्याच्या स्लो मोशनवर चिकटलं की रील तयार होते. समालोचकाला लेखी सांगा: चुकीचं वर्णन एकदा, खेळाडूच्या घरावर, गावावर, दिसण्यावर एक शब्द नाही. चुकीचा रिप्ले एकदाच. थंबनेलवर 'याने मॅच घालवली' असं लिहू नका. व्ह्यूजसाठी लिहिलेलं ते वाक्य त्या पोराच्या आईलाही दिसतं.

प्रवेश अर्जात एक कलम घाला आणि कर्णधाराची सही घ्या: संघातील किंवा संघाच्या अधिकृत पेजवरील कोणी खेळाडू वा पंचाला ऑनलाइन शिवीगाळ केल्याचं सिद्ध झालं तर बक्षिसाची रक्कम समिती रोखेल. ५१ हजारांचं बक्षीस अडकणार असेल तर कर्णधार स्वतःच पोरांना आवरतो. पेजवर हे चार ओळींचं निवेदन पिन करून ठेवा: "आमच्या मैदानावर खेळणारे सगळे हौशी खेळाडू आहेत. खेळावर टीका करा. आई-बहीण, जात, धमकी दिसली तर कॉमेंट जपून ठेवली जाईल, खातं ब्लॉक केलं जाईल आणि गरज पडल्यास पोलिसांना कळवलं जाईल."

जत्रेतल्या कुस्तीत मी चितपट झालो. ती नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली कुस्ती होती, मी पैसे घेतले, असा व्हिडिओ फिरतोय. एक जण लिहितो, "माझे दहा हजार गेले, हातपाय तोडीन." तो बहुतेक सुरतला आहे. मी उलट व्हिडिओ काढू का? मानहानीचा दावा करू का?
— पहिलवान, पारोळा तालुका

व्हिडिओ काढू नका. ज्यांनी आरोप ऐकला नव्हता तेही मग ऐकतात. जत्रा समितीकडून आणि आखाड्याच्या पंचाकडून निकालाचं पत्र घ्या: तारीख, जोड, कोणत्या डावावर निकाल लागला, आक्षेप आला होता का, आणि सह्या. ते समितीच्याच पेजवरून एकदा प्रसिद्ध व्हावं. नुराच्या आरोपाला पंचांच्या सहीइतकं वजनदार उत्तर पहिलवानाकडे दुसरं नसतं.

मानहानी आणि धमकी ही दोन प्रकरणं आहेत, एका अर्जात कालवू नका. मानहानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते. तिच्यावर पोलीस थेट एफआयआर घेत नाहीत, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार करावी लागते आणि तारखा बऱ्याच पडतात. आधी वकिलाची नोटीस पाठवून व्हिडिओ काढायला लावा. साध्या शिवीगाळीवर बहुतेकदा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद मिळते. तीही घ्या, पुढे छळ सतत चालू होता हे दाखवायला ती कामी येते. पण "हातपाय तोडीन" ही गंभीर दुखापतीची धमकी आहे. कलम ३५१ (३) खाली तिला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धमकी नाव लपवून दिली असेल तर ३५१ (४) प्रमाणे आणखी २ वर्षांपर्यंत. इथे वाट पाहू नका.

माणूस सुरतला असला तरी तक्रार तुमच्याच ठाण्यात द्या. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा एफआयआर, मागा. नाकारलंच तर तक्रारीचा मजकूर जिल्हा पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) मध्ये तशी सोय आहे. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं '६६ अ' हे कलम लिहू नका. काही अर्ज लिहून देणारे अजून लिहितात, पण सर्वोच्च न्यायालयाने ते २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं आहे. आणि उशीर करू नका. खातं बंद केल्यावर त्याची नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे. ते दिवस गेले तर खोट्या खात्यामागचा माणूस शोधणं फार अवघड होतं.

"दहा हजार गेले" हे वाक्य खास जपा. राग खेळावरचा नाही, पैजेवरचा आहे हे त्यातून दिसतं. महिला टेनिस संघटना आणि आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ यांच्या २०२४ च्या मोसमाच्या अहवालात शिवीगाळीपैकी सुमारे ४० टक्के वाटा पैजेत हरलेल्यांचा होता. जत्रेच्या आखाड्यातही माणूस तोच आहे. त्याला पैशाबद्दल काहीही उत्तर देऊ नका, "कसले पैसे?" एवढंसुद्धा नाही. बोलणं सुरू झालं की तुम्ही त्या व्यवहारात होता असं भासवता येतं.

गावच्या क्रीडा व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. कोणी खेळाडूला शिवी दिली तर गुन्हा माझ्यावर येतो का?
— यावल तालुका

फक्त ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की समान हेतू असल्याशिवाय सदस्याच्या मजकुराची जबाबदारी ॲडमिनवर येत नाही. पण तुमच्या हातात 'सर्वांसाठी डिलीट' आहे, ते वापरा. आधी नंबरसह स्क्रीनशॉट घ्या, मग डिलीट करा. सामना हरल्याच्या रात्री ग्रुप सकाळपर्यंत 'फक्त ॲडमिन' वर ठेवा. दुसऱ्या दिवशी बोलणारे तेच असतात, भाषा बदललेली असते.

हरलेल्या एका खेळाडू पोराला मीच घाण लिहिलं होतं. दारू नव्हती, काही नव्हतं, नुसता राग होता. आता तो सरावाला येत नाही असं कळलं. काय करू?
— भुसावळ तालुका

तुम्ही लिहिलंत हे चांगलं केलंत. कॉमेंट काढा, पण जिथे लिहिलं होतं तिथेच, त्याच खात्यावरून, दोन ओळी टाका: "काल मी इथे जे लिहिलं ते चुकीचं होतं. मी माफी मागतो." त्यात 'पण' नको, सामन्याचा उल्लेख नको, हात जोडलेला व्हिडिओ नको. तुमची शिवी दोनशे जणांनी वाचली असेल तर माफीही त्यांना दिसली पाहिजे. इनबॉक्समध्ये गुपचूप मागितलेली माफी त्याच्या मित्रांना दिसत नाही आणि त्याला पुन्हा तुमचं नाव बघावं लागतं.

डिलीट केल्याने पुरावा पुसला जात नाही, त्यांनी स्क्रीनशॉट घेतला असेल. तक्रार झाली असेल तर ठाण्यात जाऊन खरं सांगा आणि तक्रार मागे घ्यायला त्याच्या घरी माणसं पाठवू नका. तो दबाव ठरतो. भेटायचंच असेल तर आधी त्याच्या प्रशिक्षकाला विचारा आणि तो नको म्हणाला तर थांबा. पुढच्या सामन्याला मैदानावर जा. तो उतरला तर टाळ्या वाजवा.